वरच्या मजल्यावरचा स्पीकर खाली का दिसत नाही

सोप्यात बसून मोबाईलवर गाणं लावायला जावं, तर यादीत खालचे दोन स्पीकर दिसतात आणि वरच्या खोलीतला गायब. तोच मोबाईल घेऊन जिना चढावा, तर वरचा स्पीकर हजर आणि खालचे दोन्ही बेपत्ता. इंटरनेट मात्र दोन्हीकडं झकास. यूट्यूब चालतं, पुण्यातल्या लेकीला व्हिडिओ कॉल लागतो. मग पहिला संशय स्पीकरवर जातो, दुसरा नेटवाल्यावर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. घोळ असतो तो दुसऱ्या राउटरच्या मागं, चुकीच्या भोकात खोचलेल्या एका वायरीचा.

दुसरा राउटर येतोच का, हे आधी बघू. कोल्हापूरच्या पेठांमधली घरं वायफायला मोठी अवघड. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत घराचा पुढचा भाग जुना, दगड-विटांच्या जाड भिंतींचा. मागचा भाग पाडून नंतर बांधलेला, त्यावर दोन स्लॅब. रस्त्याकडं तोंड अरुंद आणि घर आत लांबच लांब. फायबरची वायर येते ती पुढच्या दाराजवळून, कारण ड्रिल मारायला तीच जागा सोयीची. राउटर बसतो सोप्यातल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागं. तिथून वरच्या मागच्या खोलीत पोचेपर्यंत सिग्नलला जाड भिंत, सळ्यांचा स्लॅब आणि एखादं आरशाचं कपाट पार करावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा यातून कसाबसा निभावतो; ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपुढं तो लवकर हात टेकतो. तेव्हा राजारामपुरीतून आणखी एक राउटर आणला जातो, जिन्यातून वायर वर नेली जाते, आणि ज्या भोकावर ‘इंटरनेट’ लिहिलंय त्यात ती साहजिकच खोचली जाते. नेट लगेच चालू होतं. सगळे खूश.

पण त्या क्षणी वरच्या मजल्यानं वेगळी चूल मांडलेली असते.

राउटर नावाच्या डब्यात खरं तर तीन कामं एकत्र कोंबलेली असतात. हवेतून सिग्नल देणं हे एक. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटणं हे दुसरं. याला डीएचसीपी म्हणतात. आणि घरातलं जाळं बाहेरच्या जाळ्यापासून वेगळं ठेवून दोघांमध्ये ये-जा करवणं हे तिसरं. ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात वायर गेली की दुसरा राउटर ही तिन्ही कामं नव्यानं सुरू करतो. खालचा राउटर त्याच्या लेखी ‘बाहेरचं जग’ होतो, आणि वरच्या मजल्यावरचा मोबाईल, टीव्ही, स्पीकर यांचं वेगळं कुटुंब तयार होतं. इंटरनेट दोन दारं ओलांडूनही मिळतंच, म्हणून कुणाला शंका येत नाही. स्पीकरना मात्र हे चालत नाही.

मोबाईलला स्पीकर सापडतो कसा, हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. गाण्याचं अॅप उघडलं की मोबाईल आपल्या जाळ्यात सगळ्यांना मिळून एक हाळी देतो: ‘इथं गाणं वाजवणारं कोण आहे का?’ ही हाळी एका ठरावीक पत्त्यावर जाते. अॅपल आणि गूगलची उपकरणं ज्या एमडीएनएस पद्धतीनं बोलतात, तिचा पत्ता २२४.०.०.२५१. डीएलएनए टीव्ही आणि इतर काही स्पीकर एसएसडीपी वापरतात, त्यांचा पत्ता २३९.२५५.२५५.२५०. हे कुणा एका उपकरणाचे पत्ते नाहीत. त्या पत्त्यावर कान ठेवून बसलेल्या सगळ्यांना हाळी ऐकू येते, आणि स्पीकर उलट उत्तर देतो की मी इथं, माझं नाव अमुक, माझा पत्ता तमुक. यालाच मल्टिकास्ट म्हणतात. आणि राउटर अशी हाळी पलीकडं जाऊ देत नाही. २२४.०.०.ने सुरू होणाऱ्या पत्त्यांबाबत तर तसा नियमच आहे, की घरातली हाळी घरातच राहावी. ते योग्यही आहे. नाहीतर तुमच्या मोबाईलची हाळी गल्लीभर ऐकू गेली असती.

म्हणजे गाणं इंटरनेटवरून येत असलं तरी स्पीकरची ओळख घरातल्या घरात पटवावी लागते. नेटचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा घेतला काय आणि तीनशेचा घेतला काय, या दुखण्यावर काडीचा फरक पडत नाही. सीडीच्या दर्जाचं, काहीही न कापलेलं गाणं सेकंदाला १४११ किलोबिट मागतं. असे सहा स्पीकर एकदम वाजले तरी दहा एमबीपीएसच्या आत काम होतं.

अशा घरात ठरलेला संवाद होतो. काकू म्हणतात, “अहो दादा, रेंज तर फुल्ल दाखवतंय की! मग ह्यो बोलंना का?” आणि वायर घेऊन आलेला पोरगा म्हणतो, “काकू, वरचं नि खालचं नेट वेगळं झालंय. आधी पत्ता बघूया.”

पत्ता बघणं सोपं आहे. मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या जाळ्याच्या नावावर टिचकी मारा, आयपी अॅड्रेस दिसेल. खाली बसून बघा, मग वर जाऊन बघा. खाली १९२.१६८.१.३४ आणि वर १९२.१६८.०.१०२ असं काही दिसलं, तर तिसरा आकडा वेगळा आहे: दोन चुली. जिओच्या डब्याचा स्वतःचा पत्ता बहुधा १९२.१६८.२९.१ असतो, त्यामुळं तिथं खाली २९ आणि वर ० किंवा १ असा फरक चटकन नजरेत भरतो. दोन्हीकडं तिसरा आकडा एकच असेल, तरी एक खातरजमा करा. त्याच पानावर ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ म्हणून पत्ता असतो; तो दोन्हीकडं एकच दिसला तरी चुली दोन असू शकतात. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे असले तर दोघंही १९२.१६८.०.१ हाच पत्ता धरून बसायला बघतात. काही डबे ही टक्कर ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, काही बदलत नाहीत, आणि मग नेटही अधूनमधून रुसतं.

यातली एक गंमत बघण्यासारखी आहे. दोन चुलींच्या घरात वरच्या मोबाईलला खालच्या स्पीकरचा पत्ता तोंडपाठ असेल, तर तो त्याच्यापर्यंत पोचू शकतो, कारण वरून खाली जाणं म्हणजे ‘बाहेर’ जाणं आणि बाहेर जायला राउटर अडवत नाही. खालच्या मोबाईलला मात्र वर जाता येत नाही. आत येणाऱ्याला दार बंद. म्हणूनच काही घरांत वरून खालचा प्रिंटर चालतो पण खालून वरचं काहीच चालत नाही, आणि माणूस चक्रावून जातो.

आता उपाय. दुसऱ्या राउटरकडची दोन कामं काढून घ्यायची आणि सिग्नल देण्याचं एकच काम ठेवायचं. यालाच अॅक्सेस पॉइंट म्हणतात. हल्लीच्या बहुतेक राउटरमध्ये ‘ऑपरेशन मोड’ नावाचं पान असतं, त्यात ‘अॅक्सेस पॉइंट’ निवडून सेव्ह केलं की डबा आपणहून सगळं करतो. त्यानंतर त्याचा पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्यावर त्याचं पान उघडत नाही. घाबरू नका, खालच्या राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तो सापडतो.

जुन्या डब्यात ही सोय नसेल तर हातानं करावं लागतं, आणि इथं क्रम महत्त्वाचा आहे. आधी वरचा राउटर खालच्यापासून सोडवा. लॅपटॉप त्याला वायरीनं जोडा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला. खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२ द्या, खालचा राउटर वाटायला जे पत्ते वापरतो, समजा १०० ते २००, त्यात हा पत्ता येता कामा नये. पत्ता बदलला की डबा पुन्हा चालू होतो. मग नव्या पत्त्यावर जाऊन त्याचं डीएचसीपी बंद करा. हे सगळं झाल्यावरच खालून आलेली वायर खोचा, आणि ती ‘लॅन’च्या भोकात. बऱ्याच राउटरवर इंटरनेटचं भोक निळं आणि लॅनची चार पिवळी किंवा नारिंगी असतात. निळं रिकामं सोडायचं. डीएचसीपी बंद न करता नुसती वायर निळ्यातून पिवळ्यात घेतली, तर एका घरात दोघं पत्ते वाटायला लागतात. ज्याला खालच्याकडून पत्ता मिळाला त्याचं नेट चालतं, वरच्याकडून मिळाला त्याचं बंद. मग सगळं घर डोक्यावर घेतलं जातं. शेवटी स्पीकरची पिन काढून परत लावा, म्हणजे तो नवा पत्ता मागून घेईल.

आता हाळीचा प्रवास बघा. खाली बसलेला मोबाईल ती खालच्या राउटरला देतो. राउटर ती आपल्या हवेत पसरवतो आणि वायरीवरही सोडतो. वरचा डबा ती वायरीवरून घेतो आणि आपल्या हवेत पुन्हा पसरवतो. स्पीकर ऐकतो, उत्तर देतो, यादीत नाव येतं. एक कच्चा दुवा यातही आहे. वायफायवर एकट्यासाठी पाठवलेली माहिती पोचल्याची पोच मिळते आणि नाही मिळाली तर ती पुन्हा पाठवली जाते. हाळीला पोच नसते. हवेत गर्दी असली तर ती विरून जाते, म्हणून कधीकधी यादीत नाव यायला वेळ लागतो किंवा दुसऱ्या खेपेला येतं. तेवढं सोसावं.

ज्यांनी दुसऱ्या राउटरऐवजी दोन-तीन डब्यांचा मेश संच घेतला, त्यांची सुटका झाली असं समजू नका. मेशचा पहिला डबा मुळात राउटर म्हणूनच चालू होतो आणि नेटवाल्याच्या डब्याच्या मागं पुन्हा वेगळी चूल मांडतो. सगळे स्पीकर आणि मोबाईल मेशवरच असले तर काही अडत नाही. पण टीव्ही नेटवाल्याच्या डब्याला जोडलेला आणि मोबाईल मेशवर, असं झालं की टीव्ही दिसेनासा होतो. मेशच्या अॅपमध्ये ‘ब्रिज’ किंवा ‘अॅक्सेस पॉइंट’ मोड असतो, तो लावायचा; किंवा नेटवाल्याच्या डब्याचं वायफाय बंद करून सगळं मेशवर घ्यायचं. नेटवाल्याचा डबा ब्रिज करून घेणं हाही मार्ग आहे, पण त्यासाठी कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड लागतं आणि त्यावर लँडलाईन असेल तर ती बंद पडू शकते. मी तरी घरच्या माणसांना या फंदात पडू नका असंच सांगेन.

भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचे स्वस्त रिपीटर मात्र स्पीकरसाठी नकोच. एकाच रेडिओनं ऐकायचं आणि त्याच रेडिओनं पुन्हा बोलायचं, यात वेग निम्म्यावर येतो. ते परवडलं असतं. पण काही रिपीटर आपल्या मागच्या उपकरणांची ओळख बदलून पुढं पाठवतात आणि हाळी मध्येच गिळतात. स्पीकर दिसला तरी एकत्र वाजणाऱ्या स्पीकरांचा गट मात्र तुटतो, आणि कशालाच काही धरबंध राहत नाही.

वायर टाकायची तयारी असेल तर तिला तोड नाही. कॅट-सिक्सची वायर शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते, आणि पेठेतलं कुठलंही घर तेवढं लांब नसतं. घेताना तांब्याचीच घ्या. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही त्याच रंगात मिळते. ती हलकी लागते, वाकवली की लवकर तुटते आणि पिन मारल्यावर वर्षभरात सांधा सैल होतो. दुसरी गोष्ट, बाहेरच्या भिंतीवरून किंवा गच्चीवरून तांब्याची वायर नेणं शक्यतो टाळा. आपल्याकडं वळवाचा पाऊस विजा घेऊनच येतो. वीज घरावर पडायलाच हवी असं नाही; जवळपास कडाडली तरी लांब तांब्याच्या वायरीत झटका उमटतो आणि दोन्ही टोकांची लॅनची भोकं जळतात. जिन्यातून, टीव्ही केबलच्या जुन्या पाईपमधून वायर नेता येते का ते आधी बघा. मागच्या परड्यात वेगळी खोली असेल तर तिथं फायबर न्यावं आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावावेत. काचेच्या तंतूतून विजेचा झटका जात नाही.

जाळं एक झालं की वायफायचं नावही एकच ठेवा. नाव तेच, पासवर्ड तोच, सुरक्षेचा प्रकारही तोच. घरात फिरताना कुठल्या डब्याला चिकटायचं हे राउटर नव्हे, मोबाईल स्वतः ठरवतो, आणि स्पीकरही तसंच करतो. फरक एवढाच की स्पीकर जागचा हलत नाही, त्यामुळं एकदा ज्याला चिकटला त्याला सहसा सोडत नाही. पावसाळ्यात लाईट जाते, येते. वरचा अॅक्सेस पॉइंट चालू व्हायला उशीर लागला तर वरचा स्पीकर जो आधी दिसेल त्याला, म्हणजे खालच्या राउटरला, क्षीण सिग्नलवर चिकटून बसतो आणि मग गाणं अडखळत राहतं. यावर दोन उपाय: लाईट आल्यावर पाच मिनिटांनी स्पीकरची पिन काढून लावणं, किंवा दोन्ही डब्यांना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावणं. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लावायचा, हे बरेच जण विसरतात.

चॅनेलबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. खालच्याला १ द्या, वरच्याला ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ यांतलं एखादं ठेवा. त्यापुढची मधली चॅनेल काही स्पीकरना ऐकूच येत नाहीत. मोबाईल ५ वर आणि स्पीकर २.४ वर असला तरी बिघडत नाही, एका डब्याचे दोन्ही पट्टे आतून एकच असतात.

एवढं करूनही स्पीकर दिसत नसेल तर काही सेटिंगं तपासावी लागतात. ‘गेस्ट नेटवर्क’वरच्या उपकरणांना घरचं काही दिसत नाही, ते त्यासाठीच असतं. ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तर एकाच डब्यावरची उपकरणंही एकमेकांना दिसत नाहीत. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक अॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते, घाईत एकदा ‘नको’ म्हटलं की अॅप पुन्हा विचारत नाही, सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. मोबाईलवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. आणि एक खास लक्षण: सगळं बंद करून चालू केल्यावर स्पीकर दिसतो आणि चार-पाच मिनिटांनी नाहीसा होतो. असं घड्याळ लावल्यासारखं होत असेल तर ‘आयजीएमपी स्नूपिंग’वर संशय घ्या. मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्यालाच द्यायचं, अशी ती व्यवस्था आहे; पण कोण मागतंय हे मधूनमधून विचारणारं कुणी जाळ्यात नसेल तर यादी शिळी होऊन पुसली जाते. घरात ते बंद ठेवलं तरी चालतं.

स्पीकर दिसले, गट झाला, तरी एक प्रश्न उरतो: दोन मजल्यांवरचे स्पीकर एकाच वेळी एकच सूर कसे लावतात? प्रत्येक स्पीकरमध्ये स्वतःचं घड्याळ असतं, स्फटिकावर चालणारं. एकाचं घड्याळ दहा लाखांत पंचवीस भाग पुढं आणि दुसऱ्याचं तेवढंच मागं असेल, तर मिनिटाला तीन मिलिसेकंदांचा फरक पडतो. तीन मिनिटांच्या गाण्याला तो कळणार नाही. पण अर्ध्या तासाच्या ख्यालात तो नव्वद मिलिसेकंदांवर जातो. अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या काळात इथल्या दरबारचे गायक होते. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गुंतागुंतीची तान नव्वद मिलिसेकंदांच्या फरकानं दोनदा ऐकू आली तर जिन्यात नुसता कल्ला होईल. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे नव्वद मिलिसेकंद म्हणजे तीस मीटर लांबचा स्पीकर.

म्हणून गटातला एक स्पीकर म्होरक्या होतो. तो बाकीच्यांशी सतत वेळ जुळवून घेतो आणि गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर ‘हा अमुक वेळेला वाजवा’ अशी नोंद करून पाठवतो. बाकीचे तुकडे आधीच साठवून ठेवतात आणि ठरल्या वेळेला वाजवतात. त्यामुळं वायरीतून वर जायला दोन-चार मिलिसेकंद लागले तरी बिघडत नाही, साठा तेवढा असतो. बिघडतं ते हा वेळ सारखा कमी-जास्त होत राहिला की. क्षीण सिग्नलवर चिकटलेला एक स्पीकर आख्ख्या गटाला अडखळवतो, तो यामुळंच. गटावर गाणं लावलं की सुरू व्हायला क्षणभर लागतं, तेही या साठ्यापायीच.

आता जाळं मुद्दाम वेगळंच ठेवायचं असेल तर? खाली दुकान असतं, वर भाडेकरू असतात. त्यांना आपल्या जाळ्यात घेऊ नये हे बरं. एकाच वायफायवरचा कुणीही मोबाईल तुमच्या स्पीकरवर गाणं लावू शकतो, आणि देवघरातल्या आरतीच्या वेळी भाडेकरूच्या पोराचं रॅप सुरू झालं तर दोष कुणाला देणार? त्यांना गेस्ट नेटवर्क द्या. दुकानातला आणि घरातला स्पीकर मात्र दोन्ही तुमचेच असून जाळी वेगळी ठेवायची असतील, तर हाळी एका जाळ्यातून दुसऱ्यात नेऊन देणारी ‘एमडीएनएस रिपीटर’सारखी सोय असलेले डबे लागतात. ते महाग असतात आणि लावून द्यायला जाणकार माणूस लागतो. दोन स्पीकरसाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. दुकानाला वेगळा स्पीकर घेतला तर स्वस्तात काम होतं.

सगळं झाल्यावर नेटवाल्या पोराला लगेच निरोप देऊ नका. गटावर एखादं लांब गाणं लावा आणि मोबाईल हातात घेऊन सोप्यापासून गच्चीपर्यंत एकदा फिरा. जिन्यात मधल्या टप्प्यावर थांबून ऐका, कारण खालचा आणि वरचा आवाज तिथंच एकत्र कानावर येतो आणि फरक असेल तर तिथंच कळतो. मग घरचा मेन स्विच खाली पाडा, दोन मिनिटं थांबा, परत वर करा. पाच मिनिटांनी सोप्यात बसून यादी उघडा. तिन्ही स्पीकर दिसले तर पोराला चहा द्या आणि पैसे द्या.